जर्मनी: स्टुडंट व्हिसा, रेसिडन्स परमिट आणि एजंटचा आग्रह. सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ
नमस्कार. एरवी मी शेतीच्या धाग्यांवर वाचनमात्र असतो, आज काम पडलं म्हणून लिहितोय. मुलगी सांगलीतून मेकॅनिकल बी.ई. झाली, ८.१ सीजीपीए, नंतर चाकणला नोकरी. आता मास्टर्ससाठी जर्मनीला जायचं म्हणते. दोन ठिकाणची ॲडमिशन हातात आहे. एक माग्डेबुर्गचं सरकारी विद्यापीठ, कोर्स इंग्रजीत, शिकवणीची फी नाही. दुसरं बर्लिनमधलं एक खासगी विद्यापीठ, वर्षाला दहा-बारा लाखांच्या घरात फी. हे दुसरं आमच्या एजंटने सुचवलं. त्याचं म्हणणं, माग्डेबुर्ग आडगाव आहे, नोकऱ्या बर्लिनला, आणि खासगीचा व्हिसा "शंभर टक्के". सरकारीला म्हणे फार रिजेक्शन.

विचारायचं हे की सरकारी-खासगीने व्हिसात खरंच फरक पडतो का? व्हिसा आणि रेसिडन्स परमिट वेगवेगळे असतात का, कारण एजंट दोन्ही एकच असल्यासारखं बोलतो. आणि शिक्षण संपल्यावर किती दिवस थांबता येतं? एप्रिलच्या सत्राला जायचंय. आमच्याकडे परदेशी जाणारी ती पहिलीच, घरात विचारावं असं कोणी नाही.

चहाटळ
"शंभर टक्के" हे एजंटकडून स्टॅम्पपेपरवर लिहून मागा. तो काय म्हणतो ते इथे कळवा, आम्हालाही करमणूक हवीच आहे.

एल्बेकाठी
काका, मी ड्रेस्डेनला आहे, मास्टर्सही इकडेच केलं. सविस्तर लिहिते.

व्हिसा आणि परमिट हे दोन वेगळे कागद आहेत, देणारेही वेगळे. व्हिसा कॉन्सुलेट देतं. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबई कॉन्सुलेटच्या कक्षेत येतात. तो पासपोर्टवर चिकटतो आणि जर्मनीत शिरून बस्तान बसवण्यापुरता असतो, कुणाला तीन-सहा महिन्यांचा मिळतो, कुणाला वर्षाचा. रेसिडन्स परमिट मात्र ती ज्या शहरात राहणार तिथलं परदेशी नागरिकांचं कार्यालय, आउसलेंडरबेहोर्डे, देतं. निवास कायद्याच्या कलम १६ब खाली प्लास्टिकचं कार्ड मिळतं, साधारण दोन वर्षांपर्यंतचं, मग अभ्यास पुढे सरकतोय हे दाखवून वाढवून घ्यायचं.

एजंटची सगळी बडबड पहिल्या कागदाबद्दल असते, कारण त्याचे पैसे तिथेच वसूल होतात. मुलांची झोप उडते ती दुसऱ्या कागदापायी. आणि तो वेळेत मिळणं बरंचसं शहरावर अवलंबून असतं. म्हणून माग्डेबुर्गला आडगाव म्हणून नाक मुरडू नका. तिथे निदान माणसाला कार्यालयाच्या दारापर्यंत पोचता येतं.

आता तयारी. पहिलं एपीएस सर्टिफिकेट. १ नोव्हेंबर २०२२पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी सक्तीचं आहे, फी १८,००० रुपये, मार्कशीटा खऱ्या आहेत का ते बघतात. ते झालं नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आज तेच करा. दुसरं ब्लॉक्ड अकाउंट. सध्या वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे आजच्या दराने बारा लाखांच्या वर. हे पैसे कुणी खात नाही, तिकडे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो तिचे तिलाच मिळतात. तिसरं आरोग्य विमा. अर्ज आता ऑनलाइन पोर्टलवर भरायचा, तिथे कागद तपासले की मग ठसे आणि मूळ कागदांसाठी बोलावतात.

गोरेगावची_आई
वाचनखूण साठवली. मुलगा बारावीला आहे, आमच्याही घरात जर्मनीचं वारं शिरलंय.

हिंजवडीकर
सगळे गुलाबी लिहितील म्हणून मी दुसरी बाजू मांडतो. मेकॅनिकलवाल्यांनी आत्ता जर्मनीला जाऊ नये. फोक्सवागनने डिसेंबर २०२४मध्ये कामगार संघटनेशी करार केला, २०३०पर्यंत ३५ हजारांहून जास्त पदं कमी करायचा. बाकीचे पुरवठादारही तेच करताहेत. आमच्या ऑफिसमधला एकजण मास्टर्स करून आला, वर्षभर अर्ज टाकले, सगळीकडे एकच उत्तर: जर्मन किती येतं? फी माफ असते हो, पण राहण्या-खाण्याचे पंचवीस लाख कुठून आणायचे? चाकणची नोकरी सोडून जायचं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या मागे.

रानवारा
@हिंजवडीकर, ऑफिसमधला तो एकजण जर्मन कितपत शिकला होता?

हिंजवडीकर
ए-वन, म्हणजे जर्मनची अगदी पहिली पायरी. तेही इथे, क्लासला.

रानवारा
मग दोष फोक्सवागनचा कसा?

एल्बेकाठी
हिंजवडीकरांचं निम्मं पटतं. मंदी आहे, खोटं कशाला बोला. कोर्स इंग्रजीत असला तरी मेकॅनिकलच्या नोकरीला बी-टू (चौथी पायरी) तरी लागतं, कारखान्यातले लोक जेवणाच्या सुट्टीत इंग्रजी बोलत नाहीत. काका, एजंटला द्यायचे पैसे मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायला भरा. पुण्यात आहे, ऑनलाइनही वर्ग असतात.

पंचवीस लाखांचा हिशोब मात्र तसा नाही. पहिल्या वर्षाची रक्कम आधी दाखवावी लागते, पुढे बरीच मुलं कामं करतात. मार्च २०२४पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा आहे, आधी १२० आणि २४० होते. विद्यापीठातलं विद्यार्थी सहायकाचं काम तर या दिवसांत धरतही नाहीत. किमान वेतन २०२५मध्ये तासाला १२.८२ युरो होतं, जानेवारी २०२६पासून १३.९०. चैन होत नाही, पण महिना निघतो.

परदेश_मित्र_२४
[जाहिरात असल्याने प्रतिसाद काढला आहे. संपादक]

चहाटळ
आले! धागा निघून चोवीस तास नाही झाले. संपादक, आधी वाचू तरी द्यायचं, "शंभर टक्के" होतं का त्यात?

खिडकीजवळ
खासगी विद्यापीठाबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी व्हिसाचा वकील नाही, पण भावाचं प्रकरण जवळून पाहिलंय.

खासगीसाठी व्हिसाचा नियम वेगळा नाही. कलम तेच, ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम तीच. ते विद्यापीठ सरकारमान्य आहे का, हे अनाबिन नावाच्या सरकारी डेटाबेसमध्ये बघता येतं, तिथे एच+ असा शेरा हवा. तो असेल तर संस्था ठीक. पण तेवढ्यावर थांबू नका. कोर्स कसा चालतो ते विचारा. १६बचं परमिट समोर बसून शिकण्यासाठी असतं. काही खासगी कोर्स निम्मे-अर्धे ऑनलाइन असतात, आणि २०२५मध्ये अशाच कोर्सवरून बऱ्याच भारतीय मुलांचे परमिटचे अर्ज अडकले. "ऑनलाइन शिकायचंय तर भारतात बसून शिका," असा कार्यालयाचा पवित्रा. एका सत्राची फी भरून झालेली, कर्ज डोक्यावर. एजंटने तेव्हा फोन उचलला नाही, हे सांगायला नकोच.

एजंट खासगीच का पुढे करतो याचं कारण साधं आहे. सरकारी विद्यापीठ एजंटला दमडी देत नाही, बरीच खासगी विद्यापीठं कमिशन देतात.

कृष्णाकाठ
ही ऑनलाइनची गोष्ट आम्हाला कोणीच बोललं नव्हतं. मुलीने आज त्या खासगी विद्यापीठाला मेल करून विचारलं, वर्ग प्रत्यक्ष किती आणि ऑनलाइन किती. उत्तर आलं की कळवतो.

एल्बेकाठी ताई, एपीएस झालं आहे, सप्टेंबरातच. आणखी एक शंका. तिथे गेल्यावर परमिट वेळेत नाही मिळालं आणि व्हिसा संपला तर? परत पाठवतात का?

एल्बेकाठी
नाही काका. व्हिसा संपायच्या *आधी* परमिटचा अर्ज पोचलेला असला की निर्णय होईपर्यंत तिचं राहणं कायदेशीर धरतात. तसा एक तात्पुरता कागद मिळतो, त्याचं नाव फिक्तिऑन्सबेशायनिगुंग. पहिल्यांदा म्हणताना जीभ अडखळते, पण सहा महिन्यांत प्रत्येक भारतीय पोराला पाठ असतो.

यात एक खोच आहे. त्या कागदावर कायद्याच्या कुठल्या पोटकलमासमोर खूण केली आहे ते बघायचं. ८१(४) असेल तर भारतात जाऊन परत येता येतं. ८१(३) असेल तर बाहेर पडलं की परतीचं दार बंद, नवा व्हिसा काढा. व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला बहुधा ८१(४)च मिळतं, तरी हातात पडल्यावर डोळ्यांनी वाचून घ्यायचं. माझी एक रूममेट भावाच्या लग्नाला कोल्हापूरला गेली, व्हिसा संपलेला, अर्ज केलेला, पण हा कागद मागून घेतलाच नव्हता. परतताना विमानात बसू दिलं नाही. सत्र बुडालं. अर्ज केल्याचा ईमेल दाखवून विमान कंपनी ऐकत नाही.

चिंचेचं_झाड
+१. आणि अर्जाच्याही आधीची पायरी कोणी सांगितली नाही. अनमेल्डुंग! घर घेतलं की दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची असते. त्यासाठी घरमालकाने सही केलेला फॉर्म लागतो. नोंद नाही तर बँकेपासून परमिटपर्यंत सगळ्याची गाडी अडते. मोठ्या शहरांत खोल्या इतक्या कमी की लोक "खोली आहे, अनमेल्डुंग नाही" अशी जाहिरातच करतात, आणि नवखी पोरं स्वस्त म्हणून घेतात. मी ज्या मोठ्या शहरात होते (नाव घेत नाही) तिथे परमिटची तारीख मिळेपर्यंत माझी थिसिस लिहून होत आली होती.

"मी सध्या देशाबाहेर आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरियरने येईल" असं म्हणणारा घरमालक भेटला तर तो चोर आहे. अपवाद नाही. पहिलं वर्ष विद्यार्थी वसतिगृहच बघा, स्टुडेंटेनवेर्क नावाची संस्था चालवते. ॲडमिशन आल्याच्या दिवशी अर्ज टाकायचा.

डब्लिनकर
जर्मनीच का पण? आयर्लंडचा कोणी विचारच करत नाही. भाषा इंग्रजी, स्टॅम्प टूवर (विद्यार्थ्यांचा परवाना) सत्रात आठवड्याला २० तास काम, सुट्टीत ४०. मास्टर्सनंतर थांबायला स्टॅम्प वन-जी परवाना, दोन वर्षांपर्यंत.

हिंजवडीकर
आणि फी?

डब्लिनकर
फी आहे हो. पंधरा ते पंचवीस हजार युरो कोर्सप्रमाणे. शिवाय इमिग्रेशन कार्डाचे दरवर्षी ३००.

हिंजवडीकर
आणि घरभाडं?

डब्लिनकर
घरभाड्याचा विषय नको, जेवायला बसलोय.

चहाटळ
:))

रानवारा
इंग्लंडवाल्यांसाठीही जाता जाता: तिथला शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट रूट १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्यांना दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचा होणार. पीएच.डी. सोडून. पुढच्या वर्षी जाणाऱ्यांनी हिशोब त्याप्रमाणे करा.

बरं, जर्मनीकडे परत. काकांचा तिसरा प्रश्न राहिलाच. डिग्री झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचं परमिट मिळतं, त्या काळात कुठलंही काम करून पोट भरता येतं. नोकरी लागली की ब्लू कार्ड (ठराविक पगाराच्या वरच्या पदवीधरांचं परमिट) किंवा कुशल कामगाराचं परमिट. ब्लू कार्डासाठी २०२५ची पगाराची अट वर्षाला ४८,३०० युरो होती, नव्या पदवीधरांना आणि टंचाईच्या क्षेत्रांना ४३,७५९. जर्मन विद्यापीठाची डिग्री असेल तर नोकरीची दोन वर्षं आणि बी-वन जर्मनवर कायम निवासाचा अर्ज करता येतो. भारतातून थेट कुशल कामगाराच्या परमिटवर जाणाऱ्यापेक्षा विद्यार्थी म्हणून गेलेल्याला हा फायदा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

निवांत_बसून
नागरिकत्वही आता पाच वर्षांत मिळतं ना? तीन वर्षांतही म्हणे.

रानवारा
पाच बरोबर. तीनवाली झटपट सोय ऑक्टोबर २०२५मध्ये काढून टाकली. आणि जर्मनी दुहेरी नागरिकत्व चालवून घेत असला तरी भारत घेत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारताचा जमा करायचा आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड काढायचं.

निवांत_बसून
म्हणजे सातबाऱ्यावर नाव राहतं की जातं? आमच्याकडे पहिला प्रश्न हाच येईल.

खिडकीजवळ
वारशाने आलेली शेतजमीन ओसीआय ठेवू शकतो, नवी विकत घेऊ शकत नाही. पोरगी अजून विमानात बसली नाही, तुम्ही वाटण्या कसल्या करताय?

चहाटळ
अवांतर: स्टुटगार्टकडची विद्यापीठं बघत असाल तर बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७पासून आपल्यासारख्यांना सत्राला १५०० युरो फी आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, पण मावशीने भाच्यांना सवलत ठेवलेली नाही.

एल्बेकाठी
:D म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४च्या हिवाळी सत्रापासून फी लावली, मास्टर्सला सत्रागणिक चार ते सहा हजार युरो. "जर्मनीत शिक्षण फुकट" हे वाक्य राज्य आणि विद्यापीठ बघूनच बोलावं.

काका, विम्याचं एक राहिलं. तीस वर्षांखालच्यांना सरकारी आरोग्य विमा विद्यार्थी दराने मिळतो, महिना दीडशे युरोच्या आसपास. एजंट लोक ब्लॉक्ड अकाउंटसोबत स्वस्त खासगी विमा गळ्यात मारतात. सुरुवातीला खासगी घेऊन सरकारीतून सूट घेतली की त्या शिक्षणाच्या काळात सरकारीत परत येता येत नाही. प्रवासापुरता प्रवास विमा आणि नाव नोंदवल्यापासून सरकारी, एवढंच घ्या.

आणि तिला सांगून ठेवा, फ्रीलान्सिंग नाही. इथल्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीची ड्रॉइंग्ज करून दिली तरी तो स्वतंत्र व्यवसाय, त्याला वेगळी परवानगी लागते. १४० दिवसांची मुभा पगारी नोकरीची आहे.

गोरेगावची_आई
नेसत्या कपड्यांबरोबर काय काय न्यायचं? माझ्या बहिणीने कुकर, पोळपाट, दोन किलो तूप असं सगळं बांधून दिलं होतं.

चिंचेचं_झाड
कुकर न्या. तूप नको. युरोपियन युनियनबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. साजूक तूप, पेढे, बर्फी सगळं त्यात येतं.

निवांत_बसून
कंदी पेढेसुद्धा?? सातारकरांचा निषेध.

हिंजवडीकर
माझ्या भाचीने नेले, कोणी विचारलं नाही.

चिंचेचं_झाड
विचारत नाहीत तोवर ठीक. विचारलं तर पेढे कचऱ्यात आणि वर दंड. परमिटचा अर्ज करायला निघालेल्या माणसाने पहिल्याच दिवशी कस्टमशी वाद घालू नये. सांगलीकरांनी भडंग न्यावं, त्याला कोणी अडवत नाही.

कृष्णाकाठ
भडंग आमच्या यादीत आधीपासून आहे!

खासगी विद्यापीठाचं उत्तर आलं. "लवचिक अध्यापन पद्धत" असं लिहिलंय. आकडा दिला नाही. पुन्हा विचारलं तर एजंटचाच फोन आला, तुम्ही थेट मेल का करता म्हणून. मुलीने त्याला विचारलं, व्हिसा नाकारला तर काय? तो म्हणाला, अपील करू.

खिडकीजवळ
काका, हा माणूस एक तर जुन्या माहितीवर धंदा करतोय किंवा थापा मारतोय. नकार आला की कॉन्सुलेटकडे लेखी फेरविचार मागायची जी मोफत सोय होती, ती १ जुलै २०२५पासून जगभर बंद झाली. आता नवा अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावायचा. म्हणून पहिलाच अर्ज नीट हवा.

उद्देशपत्र तिचं तिने लिहावं. चाकणला नेमकं काय काम केलं, माग्डेबुर्गच्या कोर्समधले कुठले विषय त्याला जोडून आहेत, पुढे काय करणार. एजंटकडचं तयार पत्र कॉन्सुलेटमधल्यांनी शेकड्याने वाचलेलं असतं.

हिंजवडीकर
मी अजूनही म्हणतो, आधी बी-वन करा आणि मग जा. पण जायचंच असेल तर माग्डेबुर्ग. कर्ज काढून बर्लिनच्या खासगीत जाणं मलाही पटत नाही.

चहाटळ
हिंजवडीकर सहमत झाले. धागा इतिहासात जमा करा.

गोरेगावची_आई
माझाही प्रश्न इथेच विचारते. बारावीनंतर थेट जाता येतं का?

एल्बेकाठी
ताई, नुसत्या बारावीवर सहसा थेट प्रवेश नाही. एक वर्ष श्टुडिएनकोलेग, म्हणजे विद्यापीठाच्या आधीचा तयारीचा कोर्स, करून त्याची परीक्षा द्यावी लागते, किंवा भारतात डिग्रीचं पहिलं वर्ष पूर्ण करून त्याच शाखेत अर्ज करायचा. जेईई ॲडव्हान्स्ड पास असेल तर इंजिनिअरिंगसाठी वाट सोपी होते. वेगळा धागा काढा, तिथे लिहिते, हा काकांचा आहे.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. माग्डेबुर्ग नक्की केलं. एजंटला नकार कळवला, आम्ही भरलेले सुरुवातीचे पैसे परत मिळणार नाहीत म्हणून त्याने सांगितलं, ते सोडून दिले. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम निम्मी आमची, निम्मी बँकेच्या शैक्षणिक कर्जातून. मंजुरीपत्र याच आठवड्यात येईल. वसतिगृहाचा अर्ज काल भरला. तिथून मेल आला की खोली मिळाल्यास पत्त्याच्या नोंदणीचा फॉर्म तेच देतात.

हिंजवडीकर, मुलीने पुण्यातल्या जर्मनच्या वर्गात नाव घातलंय. ए-टूपर्यंत तरी जाण्याआधी होईल म्हणते.

एल्बेकाठी
छान. पोर्टलवर अर्ज टाकताना कर्जाचं नुसतं मंजुरीपत्र पुरेसं समजू नका, पैसे प्रत्यक्ष ब्लॉक्ड अकाउंटला जमा झाल्याचं प्रमाणपत्र लागतं. बँकेला ते आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते पहिला हप्ता सत्र सुरू झाल्यावर सोडतात.

कृष्णाकाठ
उद्या सकाळी बँकेत जातो.